एकाच पेटीची निवडणूक: केनियातला २०१७चा बहिष्कार

किसुमू सेंट्रल मतदारसंघ, २६ ऑक्टोबर २०१७. मतपत्रिका आल्यात, पेट्या आल्यात, निवडणूक अधिकारी साहित्य वाटपाला बसलेत. यादीत सुमारे ४०० कर्मचारी. साहित्य घ्यायला आले तीन. बाहेर रस्त्यावर दगडांचे अडसर आणि जळते टायर. मतदान केंद्रं शाळांमध्ये, आणि शाळांच्या फाटकांना कुलपं. सरकारच्या दृष्टीने त्या दिवशी देशात अध्यक्षपदाची निवडणूक चालू होती. किसुमूत ती झालीच नाही.

बहिष्कार म्हटलं की आपल्यासमोर गावाच्या वेशीवरचा फलक येतो: रस्ता नाही तर मत नाही. तहसीलदार येऊन समजूत काढतात, नाहीतर यंत्र तसंच सील होऊन परत जातं. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष जेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून अंग काढून घेतो, तेव्हा मात्र नुसतं घरी बसून भागत नाही. त्याला कागद लागतो, मुदत पाळावी लागते, एजंटांचं काय करायचं ते ठरवावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार याचं उत्तर आधीच तयार असावं लागतं. केनियातल्या विरोधकांकडे यातल्या काही गोष्टी होत्या, काही नव्हत्या. निकाल लागला तो त्या हिशोबाने.

आधी ऑगस्ट. ८ ऑगस्ट २०१७ला केनियाच्या मतदाराच्या हातात सहा मतपत्रिका पडल्या: अध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, जिल्ह्याची महिला प्रतिनिधी आणि काउंटी विधानसभेचा सदस्य. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी गोष्ट, पण स्वतःचं निवडून आलेलं सरकार असलेली. अशा ४७ आहेत.) पेट्याही सहा. अध्यक्षपदासाठी सत्ताधारी ज्युबिली पक्षाचे उहुरू केन्याटा आणि नासा आघाडीचे रायला ओडिंगा. नासा म्हणजे नॅशनल सुपर अलायन्स, अंतराळातली नव्हे. ११ ऑगस्टला निवडणूक आयोगाने, म्हणजे आयईबीसीने, आकडे जाहीर केले: केन्याटा ८२,०३,२९० (५४.२७ टक्के), ओडिंगा ६७,६२,२२४ (४४.७४ टक्के).

भांडण आकड्यांवर जितकं होतं, त्याहून जास्त कागदावर होतं. केनियात मोजणी केंद्रावरच होते. केंद्रप्रमुख फॉर्म ३४ए भरतो, हजर एजंट सह्या करतात, एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवतात. आपल्याकडचा फॉर्म १७सी ज्यांनी हाताळलाय त्यांना हे लगेच कळेल, फरक इतकाच की १७सीमध्ये यंत्रात पडलेल्या एकूण मतांचा हिशोब असतो आणि ३४एमध्ये उमेदवारवार मतं. मतदारसंघातले सगळे ३४ए मिळून ३४बी होतो, देशभरातले ३४बी मिळून ३४सी. ३४एचा फोटो टॅबलेटवरून नैरोबीच्या सर्व्हरला जायला हवा आणि सोबत टाइप केलेला आकडाही. ऑगस्टमध्ये आकडे धडाधड आले, फोटो रेंगाळले. अकरा हजारांच्या आसपास केंद्रांना थ्रीजी-फोरजीचं नेटवर्क नाही, हे आयोगाने मतदानाच्या तोंडावर सांगितलं होतं. निकाल जाहीर झाला तेव्हा सगळे ३४ए हातात नव्हते. त्यात आयोगाच्या संगणक विभागातले वरिष्ठ अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना खून झालेला. अशा वातावरणात ओडिंगांनी विजेत्यांना 'विफारांगा व्या कंप्युटा' म्हटलं, म्हणजे कॉम्प्युटरने उबवलेली पिल्लं, आणि तो शब्द बाजारात पसरायला एक दुपार पुरली.

१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूक रद्द केली. सरन्यायाधीश डेव्हिड मरागा बहुमतात होते. सत्तेतल्या अध्यक्षाचा विजय न्यायालयाने पुसून टाकण्याची आफ्रिकेतली ही पहिलीच वेळ. केन्याटांनी स्वतः घोटाळा केला असं न्यायालयाने म्हटलं नाही. निकाल पोचवण्याची पद्धत कायद्याला धरून नव्हती आणि सर्व्हर उघडून दाखवायचा आदेश आयोगाने नीट पाळला नाही, यावर सगळा भर. राज्यघटनेच्या कलम १४० प्रमाणे ६० दिवसांत, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आत, पुन्हा मतदान. आयोगाने आधी १७ ऑक्टोबर म्हटलं, मग टॅबलेट पुरवणाऱ्या फ्रेंच कंपनीला यंत्रं नव्याने तयार करायला वेळ लागणार म्हणून २६ ऑक्टोबर.

आता मेख पाहा. पुन्हा मतदान फक्त अध्यक्षपदाचं. बाकीच्या पाच पेट्यांचे निकाल ऑगस्टमध्येच पक्के झाले होते. मोम्बासात हसन जोहो, किसुमूत अन्यांग न्योंगो, काकामेगात विक्लिफ ओपारान्या असे नासाचे गव्हर्नर खुर्चीवर बसलेले. काउंट्यांना राष्ट्रीय महसुलातला किमान १५ टक्के वाटा द्यायचं बंधन थेट घटनेत आहे. खासदार, सिनेटर, नगरसेवकासारखे काउंटी सदस्य, सगळ्यांचे पगार चालू. ऑक्टोबरच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकून नासाचा एकही माणूस घरी बसणार नव्हता, एक ओडिंगा सोडून. माझ्या मते त्या बहिष्काराची अर्धी कथा इथेच आहे. आघाडीतले नेते इतक्या सहज एका सुरात बोलत होते ते तत्त्वावर एकमत झालं म्हणूनच, असं मला वाटत नाही. किंमत एकाच माणसाला मोजायची होती आणि तो माणूस ती मोजायला तयार होता.

नासाने अटींची यादी दिली. त्यांचा शब्द 'इरिड्युसिबल मिनिमम्स', म्हणजे याच्या खाली एक पैसा नाही. आयोगाचे ठरावीक अधिकारी हटवा, मतपत्रिका छापणारी दुबईची कंपनी बदला, निकाल पोचवण्याची यंत्रणा बदला, सर्व्हर उघडा. मागण्या बिनबुडाच्या नव्हत्या. पण साठ दिवसांच्या मुदतीत छपाईचं कंत्राट बदलणं म्हणजे नवी निविदा, आणि निविदेला कोर्टबाजीची सवय लागलेला देश. सरकारला नकार द्यायला आयतं कारण मिळालं. अटींपैकी दोन-तीन निवडून त्यांवर ठाण मांडलं असतं, तर आयोगाला 'वेळ नाही' म्हणता आलं नसतं.

१० ऑक्टोबरला ओडिंगांनी माघारीचं पत्र दिलं. पत्राच्या मागचा डाव वकिली होता आणि चांगला होता. २०१३ला ओडिंगांनीच केलेल्या याचिकेच्या निकालपत्रात, २९०व्या परिच्छेदात, सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता लिहून ठेवलं होतं की फेरनिवडणुकीआधी उमेदवार मेला किंवा त्याने मैदान सोडलं, तर नव्याने अर्ज मागवावे लागतील. नासाचा युक्तिवाद सरळ: आम्ही मैदान सोडलं, आता २६ तारीख रद्द करा, नव्याने अर्ज घ्या, तोवर आयोग सुधारा.

आयोगाचं उत्तर त्याहून सरळ: पत्र मिळालं, पण फॉर्म २४ए कुठाय? माघारीचा विहित नमुना तो, आणि तो भरलेला नाही. म्हणून नाव मतपत्रिकेवर राहणार. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी तीनच्या ठोक्याला कार्यालयाचं दार बंद होतं हे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या उमेदवारालाही ठाऊक असतं. नासाच्या वकिलांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? फॉर्म भरला असता तर आयोगाच्या नियमांखाली माघार घेतल्यासारखं झालं असतं आणि २९०व्या परिच्छेदाचा आधार पातळ झाला असता. न भरल्यामुळे नाव छापून आलं. दोन्हीकडून अडचण. दुसऱ्याच दिवशी हाय कोर्टाने एकुरू औकोट या छोट्या उमेदवारालाही मतपत्रिकेवर घ्यायला सांगितलं, मग आयोगाने ऑगस्टमधल्या बाकीच्यांनाही घेतलं, आणि आठ नावांची मतपत्रिका तयार झाली. केन्याटांच्या दृष्टीने छानच. बिनविरोध निवडणूक जगाला दाखवायला वाईट दिसते. आठ उमेदवार असले की लढत झाली असं म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात घडली. ज्युबिलीने निवडणूक कायद्यातल्या दुरुस्त्यांचं विधेयक संसदेत रेटलं. फेरनिवडणुकीतून एकाने माघार घेतली तर उरलेला विजयी, अशी तरतूद त्यात होती. किरकोळ चुकांवरून न्यायालयाला निवडणूक रद्द करणं अवघड व्हावं, ही दुसरी. नासाचे खासदार सभागृहातच नव्हते. एका बहिष्काराच्या जोशात दुसरा बहिष्कार कसा घडून जातो, त्याचा हा नमुना. केन्याटांनी विधेयकावर सही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. मुदत उलटल्यावर, मतदान आटोपल्यानंतर, ते आपोआप कायदा झालं. त्यातली बरीच कलमं पुढच्या वर्षी हाय कोर्टाने उडवली, पण ते नंतर.

मतदानाचा टक्का पाडला की निवडणूक अवैध ठरते, असा एक समज सगळीकडे असतो. केनियाच्या घटनेत किमान मतदानाची अट नाही. विजयासाठी दोनच गोष्टी लागतात: पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून एक जास्त, आणि ४७पैकी किमान २४ काउंट्यांत २५ टक्के मतं. पडलेल्या मतांपैकी, हे महत्त्वाचं. मतदार यादीपैकी नाही. म्हणजे विरोधी मतदार घरी बसला की केन्याटांचा टक्का वाढतो, विजय सोपा होतो. कायद्याच्या अंगाने बहिष्काराला चावायला दात एकच उरतो: काही मतदारसंघांत मतदानच होऊ न देणं, आणि मग 'सगळ्या देशात झाली नाही ती राष्ट्रीय निवडणूक कशी' असं न्यायालयात विचारणं. किसुमूतल्या कुलपांचा उगम इथे आहे. शांत बहिष्कार आणि रस्ता अडवणारा बहिष्कार यांच्यातली रेघ कायद्याच्या या रचनेनेच पुसट केली. आणि रस्ता अडवला की पोलीस येतात, गोळ्या चालतात. त्या मोसमात माणसं मेली ती बहुतेक किसुमूत, पश्चिमेत आणि नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत.

शेवटचा आठवडा म्हणजे यंत्रणेचा एकेक खिळा ढिला होणं. १८ ऑक्टोबरला आयोगाच्या सदस्य रोझलिन अकोम्बे न्यूयॉर्कला निघून गेल्या आणि तिथून राजीनामा दिला: ही निवडणूक विश्वासार्ह होऊ शकत नाही. त्याच दिवशी आयोगाचे अध्यक्ष वफुला चेबुकाटी यांनी पत्रकारांसमोर जवळपास तेच सांगितलं, पण राजीनामा दिला नाही. दोन दिवसांनी आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी एझ्रा चिलोबा रजेवर गेले. २४च्या संध्याकाळी उपसरन्यायाधीश फिलोमिना म्विलू यांच्या चालकावर गोळीबार झाला. २५ला सकाळी निवडणूक पुढे ढकलण्याच्या याचिकेची सुनावणी होती. कोरमला पाच न्यायाधीश लागतात, आले दोन: मरागा आणि आयझॅक लेनाओला. सुनावणी झाली नाही, म्हणजेच निवडणूक होणार. त्याच दिवशी हाय कोर्टाचे न्यायमूर्ती ओडुंगा यांनी मतदारसंघांच्या निवडणूक अधिकाऱ्यांच्या नेमणुका नियमाप्रमाणे झाल्या नाहीत असा निकाल दिला, आणि संध्याकाळपर्यंत अपील न्यायालयाने त्याला स्थगितीही दिली. ती तारीख सार्वजनिक सुट्टी म्हणून जाहीर केलेली होती. पाच न्यायाधीश जमले नाहीत त्याच सुट्टीच्या दिवशी स्थगिती देणारं खंडपीठ जमलं, हे केनियातले वकील अजून एकमेकांना ऐकवतात.

मग मतदानाचा दिवस आणि एजंटांचा प्रश्न. बहिष्कार टाकणारा पक्ष एजंट पाठवत नाही, पाठवला तर बहिष्कार कसला? पण देशात ४०,८८३ केंद्रं. त्यांतल्या बहुतेकांवर ओडिंगांचा माणूस नसेल, तर ३४एवर दुसऱ्या बाजूची सही नाही, दारावरच्या प्रतीचा फोटो काढणारा नाही, दुपारी चारनंतर अचानक रांग कुठून आली हे विचारणारा नाही. ऑगस्टच्या याचिकेचा सगळा जीव एजंटांनी गोळा केलेल्या ३४एच्या प्रतींत होता. ऑक्टोबरमध्ये नासाने स्वतःच तो पुरावा जमवायचं सोडून दिलं. मला विचाराल तर मोठ्यात मोठी चूक हीच. मत देऊ नका म्हणणं आणि केंद्रावर डोळा ठेवू नका म्हणणं, या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या.

त्याची गरज किती होती ते त्याच संध्याकाळी दिसलं. चेबुकाटींनी अंदाजे ४८ टक्के मतदान झाल्याचं सांगितलं. थोड्या वेळात टक्का एक तृतीयांशाच्या आसपास उतरला. ३० ऑक्टोबरच्या निकालात ३८.८४ टक्के आला. बहिष्कारात टक्का हाच खरा निकाल असतो, आणि तोच आकडा दोनदा बदलला.

निकाल: केन्याटा ७४,८३,८९५, म्हणजे ९८ टक्क्यांहून थोडे जास्त. ओडिंगा, मैदानात नसताना, ७३,२२८. यादीत नावं १,९६,११,४२३.

या आकड्यांवर जरा थांबायला हवं, कारण दोन्ही बाजूंनी त्यांचा सोयीचा अर्थ लावला. सरकार म्हणालं ९८ टक्के. नासा म्हणालं ६१ टक्के जनतेने बहिष्कार टाकला. दोन्ही चूक. ऑगस्टमध्येही वीसेक टक्के लोक आले नव्हते, ते काही बहिष्काराला धरता येत नाहीत. नीट मोजायचं तर दोन निवडणुकांमधली घट पाहायची. ओडिंगांची मतं ६६,८८,९९६ने घटली. यादीच्या हिशोबात ही ३४ टक्के. म्हणजे त्यांचा जवळजवळ सगळा मतदार घरी राहिला. इतकी शिस्त आघाडीच्या प्रचारसभांतही दिसली नव्हती. पण केन्याटांची मतंही ७,१९,३९५ने घटली. ती माउंट केनियाच्या भागात, म्हणजे केन्याटांच्या बालेकिल्ल्यात, नसावीत, तिथे गर्दी होती. मिश्र वस्तीच्या काउंट्यांत, जिथे कुणी कुणाला मत दिलं हे बोटावरच्या शाईवरून शेजाऱ्याला कळतं, तिथे शाई लावून घेणंच धोक्याचं होतं. बहिष्काराच्या दिवशी मतदान गुप्त राहत नाही. केंद्रावर गेलात एवढ्यानेच तुमची बाजू कळते.

मग अडकलेल्या जागा. किसुमू, सियाया, होमा बे आणि मिगोरी या न्यांझातल्या, म्हणजे ओडिंगांच्या बालेकिल्ल्यातल्या, चार काउंट्यांत, कुरियासारखे अपवाद सोडले तर, मतदान झालं नाही. आयोगाने २८ तारीख दिली, मग तीही बेमुदत पुढे ढकलली. एकूण २५ मतदारसंघ कोरे राहिले. इथे निवडणूक कायद्याचं कलम ५५बी कामी आलं. राहिलेल्या भागातल्या मतांनी निकाल बदलणार नसेल, तर आयोग त्यांच्याविना निकाल लावू शकतो. हिशोब एका ओळीचा: चारही काउंट्या मिळून मतदार अठरा-एकोणीस लाख, केन्याटांची आघाडी ७४ लाखांची. सगळेच्या सगळे गेले असते आणि सगळ्यांनी ओडिंगांना दिलं असतं तरी फरक शून्य. बाकीच्या देशात ओडिंगांचा मतदार घरी बसल्यामुळेच आघाडी एवढी फुगली होती. काकामेगात, उकांबानीत लोक केंद्रावर आले असते, तर आघाडी खूप कमी झाली असती आणि ५५बी लावणं इतकं सोपं गेलं नसतं. देशभर घरी बसणं आणि एका कोपऱ्यात मतदान रोखणं, ही दोन हत्यारं एकमेकांना छेद देणारी होती. हे आधी कागदावर मांडलं असतं तर दिसलं असतं.

निकालानंतर याचिकेला सात दिवस, निकालपत्राला पुढचे चौदा. नासाने याचिका केली नाही. जी निवडणूक मानत नाही तिच्याविरुद्ध कोर्टात कसं जाणार? गेले ते माजी खासदार जॉन हारून म्वाउ आणि नागरी संघटनांतले न्जोंजो म्युए व खेलेफ खलिफा. त्यांच्याकडे पक्षाची यंत्रणा नव्हती, हजारो ३४ए नव्हते. २० नोव्हेंबरला सहाही न्यायाधीशांनी एकमताने याचिका फेटाळल्या. २९०वा परिच्छेद हे ओघात केलेलं भाष्य होतं, बंधनकारक निर्णय नव्हे, असं ठरलं. ज्या वाक्यावर माघारीचा सगळा इमला उभा होता, ते वाक्य लिहिणाऱ्या न्यायालयानेच हात झटकले. २८ नोव्हेंबरला कासारानी स्टेडियममध्ये शपथविधी.

घानाशी ताडून पाहिलं की केनियाचा बहिष्कार किती स्वस्तात पडला हे कळतं. तिथे ३ नोव्हेंबर १९९२ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली, जेरी रॉलिंग्ज सुमारे ५८ टक्क्यांनी जिंकले. विरोधकांनी घोटाळ्याचा आरोप करत २९ डिसेंबरच्या संसदीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला. तिथे मतदानाचा क्रम उलटा पडला होता: आधी अध्यक्ष, नंतर संसद. म्हणजे ज्यावर राग, ती निवडणूक होऊन गेलेली, आणि बहिष्कार पडला तो स्वतःच्या खासदारकीवर. रॉलिंग्ज यांच्या पक्षाला २००पैकी १८९ जागा, उरलेल्यांतल्याही बऱ्याचशा त्यांच्याच मित्रपक्षांना. मतदान तीस टक्क्यांच्या आत. चार वर्षं विरोधक सभागृहाबाहेर. पण त्यांनी एक केलं: घोटाळ्याच्या आरोपांचं मतदारसंघवार पुस्तक काढलं आणि १९९४मध्ये निवडणूक आयोगाने सर्व पक्षांची सल्लागार समिती नेमली तेव्हा त्या टेबलावर जाऊन बसले. पारदर्शक मतपेट्या, फोटोवाली ओळखपत्रं, आणि १९९६पासून अध्यक्ष व संसद एकाच दिवशी. तेव्हापासून घानात ही दोन मतदानं एकाच दिवशी होतात. २०००च्या निवडणुकीत त्याच विरोधकांनी सत्ता जिंकली.

झिम्बाब्वेत २००८ला विरोधी नेते मॉर्गन स्वांगिराईंनी दुसऱ्या फेरीच्या पाच दिवस आधी माघार घेतली. नाव मतपत्रिकेवर राहिलं. सत्तेतले अध्यक्ष मुगाबेंना ८५ टक्के. तिथे बाजी पलटवली ती शेजारच्या देशांनी, दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या मध्यस्थीतून. सप्टेंबरमध्ये करार होऊन स्वांगिराई पंतप्रधान होणार हे ठरलं. पहिल्या फेरीत ते पुढे होते, हे त्यांचं भांडवल होतं. ओडिंगांकडे असं भांडवल नव्हतं आणि पूर्व आफ्रिकेतल्या कुठल्याच शेजाऱ्याला मध्ये पडायची हौस नव्हती.

म्हणून नासाला दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम स्वतःच शोधावा लागला. मतदानाच्या आदल्या दिवशी ओडिंगांनी आघाडीचं नाव बदलून 'नॅशनल रेझिस्टन्स मूव्हमेंट' केलं. नोव्हेंबरात सफारीकॉम ही मोबाइल कंपनी, ब्रुकसाइडचं दूध आणि बिडकोचं तेल-साबण यांवर आर्थिक बहिष्कार पुकारला. दूध दुसरं घेता येतं. पण सफारीकॉम म्हणजे एम-पेसा, फोनवरून पैसे देण्याघेण्याची सेवा, आणि एम-पेसा म्हणजे किराणा, भाडं, शाळेची फी, गावाकडे पाठवायचे पैसे. ते सिम काढून टाकणं म्हणजे पाकीट फेकून देणं. काही नेत्यांनी कॅमेऱ्यासमोर दुसरं सिम घातलं, बाजारावर मोठा परिणाम दिसला नाही.

३० जानेवारी २०१८ला नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ओडिंगांनी 'जनतेचा अध्यक्ष' म्हणून शपथ घेतली. सरकारने तीन मोठ्या दूरचित्रवाहिन्या बंद पाडल्या. मैदान गच्च भरलेलं. व्यासपीठावर मात्र आघाडीतले दुसरे तीन मोठे नेते, कलोन्झो मुस्योका, मुसालिया मुडावाडी आणि मोझेस वेटांगुला, आलेच नाहीत. देशद्रोहाच्या खटल्याची टांगती तलवार होती, आणि आता किंमत एकट्या ओडिंगांपुरती राहिली नव्हती.

९ मार्च २०१८ला हरांबी हाउसच्या, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयाच्या, पायऱ्यांवर केन्याटा आणि ओडिंगांनी हात मिळवले. केनियात त्याला आजही नुसतं 'हँडशेक' म्हणतात. घरी बसलेल्या मतदाराला कुणी विचारलं नव्हतं, आणि अडवलेल्या रस्त्यांवर ज्यांची मुलं गेली त्यांनाही नाही.

नासाच्या मागण्यांपैकी एक मात्र उशिरा का होईना पुरी झाली. ९ ऑगस्ट २०२२च्या निवडणुकीत आयोगाने देशभरातल्या केंद्रांचे फॉर्म ३४ए संकेतस्थळावर सगळ्यांसाठी उघडे टाकले. वृत्तसंस्था, विद्यार्थी, पक्षांचे कार्यकर्ते, जो तो ते उतरवून घेऊन स्वतः बेरीज करत बसला. ओडिंगा पाचव्यांदा उभे होते, या वेळी केन्याटांच्या पाठिंब्यावर. केन्याटांचे उपाध्यक्ष विल्यम रुटो ५०.४९ टक्के, ओडिंगा ४८.८५. सात आयुक्तांपैकी चौघांनी निकालावर अविश्वास दाखवला, जाहीर करणारे अध्यक्ष पुन्हा चेबुकाटीच. ओडिंगा न्यायालयात गेले, एजंटांच्या प्रतींसकट, आणि हरले. ऑक्टोबर २०२५मध्ये उपचारांसाठी केरळात आलेले असताना त्यांचं निधन झालं. किसुमूत लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, या वेळी त्यांना निरोप द्यायला.